दहा ग्रॅमचा शब्द

ता. ६ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, म्हणून पत्रच बरं. वरचं शि. सा. न. तेवढं शाळेतलं शिल्लक आहे, बाकी सगळं मास्तरांकडेच राहिलं.

आई, माझं घोडं अंगठीपाशी अडलंय. मुलगी बघायला गेलो त्या दिवशी त्यांच्या घरी तिच्या वडिलांनी विचारलं की मुलीला अंगठी कशी घालणार. अगदी सहज, पाणी हवं का विचारावं तसं. मी जरा दम धरायला हवा होता. पण ती समोर बसून माझ्या हातांकडे बघत होती. निकेलच्या टाकीनं हिरवी झालेली नखं मी बशीखाली लपवत होतो, आणि तोंडातून निघून गेलं, दहा ग्रॅम. वर खडाही म्हणालो. तुझा चमचा कपातच थांबला ते मी पाहिलं. तिचे वडील मात्र खूष झाले आणि त्यांनी तिथल्या तिथे वाङ्निश्चयाला वीस डिसेंबर ठरवून टाकला.

दहा ग्रॅम म्हणजे माझा आठ महिन्यांचा पगार, तोही न खाता न पिता. साठवण म्हणशील तर तीन वर्षांत चार कामं बदलली, प्रत्येक वेळी हातात जे होतं ते मधल्या रिकाम्या दिवसांनी खाल्लं. तू मला भिंगरी म्हणतेस ते काही खोटं नाही.

खोलीत सहा जण आहोत, सल्लेही सहा. वेल्डर म्हणतो एका महिन्याचा पगार, त्याच्या वर गेलास तर तू गाढव. आमचा पैलवान, म्हणजे चाळीस किलोचा आचारी, म्हणतो की जन्मभर ऐकून घ्यायचं नसेल तर मोठीच घे. त्याला जन्मभर ऐकावं लागतंय हे त्याच्या तोंडावरच दिसतं. तू सांग, माणसानं किती घालावेत?

तुझा,
भिंगऱ्या


ता. १५ ऑक्टोबर

चि. भिंगऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आजवर पत्रं मामा लिहायचा, पण त्याचा हात हल्ली कपातला चहा कपात राहू देत नाही, तिथे पेन काय धरणार. म्हणून हे पत्र दुसरीच्या हातचं आहे. ओळखीतली पोरगी आहे. रविवारी येते, तुझं पत्र वाचून दाखवते, मी सांगेन ते लिहिते. पोटात ठेवणारी आहे, तेव्हा तू लिहिताना हात आखडू नको.

किती घालावेत म्हणून आता विचारतोस. उचलली जीभ लावली टाळ्याला, तेव्हा नाही विचारलंस. मी तर म्हणते, तिच्या वडिलांना सरळ लिही की चुकून बोललो. माणूस तापट आहे, दोन दिवस बोलणार नाही, तिसऱ्या दिवशी बोलेल. सगळी सोंगं आणता येतात रे, पैशाचं आणता येत नाही.

आणि एक विसरू नकोस. ती मुलगी सोनाराच्या दुकानात काट्यावर बसते. दिवसभर दुसऱ्यांचे दागिने तोलते. अंगठी नुसती तळहातावर ठेवली तरी तिला वजन कळतं, असं तिची आई कौतुकानं सांगत होती. तिच्यापुढे वजनाच्या बढाया मारायला तुलाच सुचावं.

जेवणाची आबाळ करू नको. रागावलेय, पण माया तशीच आहे.

तुझी,
आई


ता. २ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तिच्या वडिलांना लिहायला तीनदा बसलो. तिन्ही कागद फाडले. मी चुकून बोललो हे लिहिता येतं, पण मग खरं काय ते लिहावं लागतं. मी तिथे मशीन सांभाळतो असं सांगितलंय. मी सांभाळतो ते रॅक. पितळी नळ तारेला टांगायचे, आम्लात बुडवायचे, धुवायचे, निकेलमध्ये सोडायचे, वर काढायचे. दिवसाला आठशे नळ. एक धागा ओढला की सगळा सदरा उसवतो, आई.

जादा पाळ्या मागितल्या. मुकादमानं दिल्या, पण सगळ्या घातल्या तरी वीस तारखेपर्यंत दीड ग्रॅमही होत नाही. दीड ग्रॅमची अंगठी मी बघून आलो. ती अंगठी नाही, तार आहे. ती घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो तर तिचे वडील उरलेले साडेआठ ग्रॅम कुठे आहेत ते माझ्या खिशात शोधतील.

म्हणून आता जे लिहितोय ते नीट ऐक, आणि लिहिणाऱ्या बाई, तुम्हीही हे पोटातच ठेवा. आमच्याकडे मोठ्या हॉटेलांसाठी सोनेरी नळ होतात. त्याची एक छोटी टाकी कोपऱ्यात कुलपात असते, आत खऱ्या सोन्याचं पाणी. नळाच्या बुडाशी पितळेचं एक कडं असतं. ते कापून, घासून, पॉलिशच्या चाकाला धरून मी त्याची अंगठी केली आहे. दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत घासतोय. आई, इतकी गोल झालीय की ती नळाची आहे हे मलाच खरं वाटत नाही. आता तिला फक्त त्या टाकीत धरायची. वजन भरावं म्हणून जाड ठेवली आहे. काटेवाली असली म्हणून स्वतःच्या वाङ्निश्चयाची अंगठी कुणी काट्यावर टाकत नाही. दोन वर्षांत खरी करीन आणि गुपचूप बदलीन.

तुला वाटेल माझी लाज गेली. गेली नाही, म्हणून तर हे करतोय. त्या दिवशी माझ्या बशीत चहा सांडला तेव्हा तिनं कुणाचं लक्ष नसताना स्वतःची कोरडी बशी माझ्यापुढे सरकवली आणि माझी ओली स्वतःकडे घेतली. एवढंच. पण मला तिथपासून दुसरं काही सुचत नाही. ती गेली तर मी परत नुसता फिरत राहीन.

तुझा,
भिंगऱ्या


ता. १४ नोव्हेंबर

भिंगऱ्यास,
आशीर्वाद.

हे पत्र उशिरा जातंय. मागच्या रविवारी लिहिणारी तुझं पत्र वाचता वाचता मध्येच थांबली, चष्मा पुसला, आणि कामाचं निमित्त सांगून उठून गेली. मला वाटलं परत येत नाही. पण आज आली. शेवटचा कागद तिनं आज वाचला.

तुला काय बोलू? पितळ उघडं पडतं म्हणतात ते उगाच नाही. तू माझ्या पोटी जन्मलास आणि नळाचं कडं पोरीच्या बोटात घालायला निघालास. ती बदलेपर्यंतची दोन वर्षं तू तिच्या हाताकडे कसा बघणार होतास?

लिहिणारी म्हणते की पितळ कितीही जाड ठेवलं तरी त्याच मापाच्या सोन्याच्या निम्मंच भरतं, तेव्हा ती अंगठी बोटात जाण्याआधीच कळेल. आणि ती विचारते की बशीचं खरंच पाहिलं होतंस, की आईला बरं वाटावं म्हणून लिहिलंस. मी म्हटलं माझा मुलगा थापाड्या आहे, पण एवढं बारीक खोटं त्याला जमत नाही.

त्या टाकीत हात घालू नको. माझी शपथ आहे. राग गेलेला नाही, तरी तुझीच,

आई


ता. २५ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळायच्या आदल्या दिवशी मी टाकीत हात घातला होता.

किल्ली मुकादमाच्या खुर्चीवर होती, तो जेवायला गेला होता. अंगठी तारेला बांधून आत सोडली. काही क्षणांत सोनेरी झाली. आई, इतकी सुंदर दिसत होती. मी बघत राहिलो आणि तिथेच चुकलो, कारण मागे मुकादम उभा होता. तो ओरडला नाही. त्यानं तार वर काढली, अंगठी धुतली, पुसली, उजेडात धरली आणि विचारलं की ही हातानं घासली का. मी हो म्हटलं. तो म्हणाला काम चांगलं आहे. मग कागदात गुंडाळून वर नाव लिहिलं आणि साहेबाकडे घेऊन गेला. चोरी ती चोरी. संध्याकाळच्या आत माझी पेटी फाटकाबाहेर होती.

दीड महिन्याचा पगार अडकलाय, हिशेब करून देऊ म्हणतात. कंपनीची खोली गेली. वेल्डरच्या भावाच्या गोदामात रंगाच्या डब्यांमध्ये झोपतो. चार कारखान्यांत जाऊन आलो, चौघांनीही जुन्या ठिकाणची चिठ्ठी मागितली. त्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते तुला सांगायला नको. दोन दिवस पावावर काढले. वेल्डर रोज डबा घेऊन येतो आणि गाढवा म्हणून समोर ठेवतो.

तू एक कर. त्यांच्याकडे जाऊन हे मोड. मी वाईट निघालो म्हण, पळालो म्हण, दुसरी केली म्हण, काहीही सांग. फक्त नळाचं सांगू नको. ती दिवसभर सोनं तोलते, तिच्या वाट्याला आलेल्या माणसाची किंमत तिला कळायला नको. मी वीसला येत नाही. पुढे कधी येईन ते माहीत नाही. माझ्या पत्राची वाट बघू नको.

तुझा,
भिंगऱ्या


ता. ३ डिसेंबर

सा. न. वि. वि.

हे अक्षर तुम्ही ओळखता. यावेळी आईंनी सांगितलेलं काही नाही, सगळं माझं आहे.

तुम्ही परत गेलात त्या आठवड्यात आई दुकानात आल्या आणि म्हणाल्या की मामांचा हात चालत नाही, तू वाचशील का. मी विचारलं की त्यांना कळवायचं ना. त्या म्हणाल्या, कळलं तर तो तुला दाखवायला लिहील, आणि मग तुला माझा मुलगा कधीच कळणार नाही. मला ते पटलं. खरं म्हणजे मला वाचायचंच होतं. तुमची लबाडी दुसऱ्यानं पकडली, माझी मी सांगतेय, एवढाच फरक. रागवायचं असेल तर रागवा. मीही आठवडाभर रागात होते. काटेवाली म्हणालात त्याचा नाही. स्वतःच्या अंगठीला कुणी तोलत नाही असं लिहिलंत त्याचा. मी तोलली असती.

आमच्याकडे रोज अंगठ्या विकायला येतात. मोठ्या आधी येतात. माणसं विचारतात, एवढेच पैसे? घडणावळ परत मिळत नाही हे त्यांना मी सांगायचं असतं. म्हणून दहा ग्रॅम ऐकलं तेव्हा मी खूष झाले नव्हते, घाबरले होते. पण मला काहीच नको असंही लिहिणार नाही, ते खोटं होईल. मला अंगठी हवी होती. गिऱ्हाईक नसलं की मी लोकांच्या घालून बघते.

मोडायला आई आलेल्या नाहीत. त्या दोन दिवस अंथरुणावर आहेत, तुमच्या त्या शेवटच्या ओळीमुळे. मी बाबांना काही बोललेले नाही. वीस तारखेच्या आत त्यांना काहीतरी सांगावं लागेल, आणि ते खरं असायला हवं. तेव्हा आज तुमच्याकडे काय आहे ते मला लिहा. आईंना लिहिता तसं. त्यातलं अंगठीला किती, तेही तुम्हीच ठरवा. यावेळी सल्ला कुणाला विचारू नका.

बशीचं कुणी पाहिलं नाही असं मला वाटलं होतं.

उत्तराची वाट बघणारी


ता. १० डिसेंबर

सा. न. वि. वि.

तुम्हाला काय म्हणून लिहावं ते मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून नुसतंच नमस्कारावर भागवतो. तुमचं पत्र वाचल्यावर आधीची सगळी पत्रं एकेक करून आठवली आणि डब्यांच्या मागे जाऊन बसलो. वेल्डरला वाटलं कुणी गेलं.

विचारलंत म्हणून लिहितो. अडकलेल्या पगारातून टाकीचा दंड कापून काल हिशेब झाला. हातात नऊ हजार चारशे आले. दुसरीकडे कुठेही काही नाही. घरी यायचं भाडं सहा हजार. इथल्या सोनाराकडे एक ग्रॅमची अंगठी आठ हजाराला आहे. दोन्ही होत नाही. अंगठी घेतली तर ती पोस्टानं येईल आणि मी इथे राहीन. काल दोनदा त्या दुकानात शिरलो. काट्यावर एक म्हातारे गृहस्थ होते. दुसऱ्यांदा त्यांनी अंगठी माझ्यापुढे ठेवली आणि माझ्या नखांकडे बघून परत उचलून ठेवली.

आज तिकीट काढलं. एकोणीसला संध्याकाळी पोचतो. अंगठीला काहीही घातलेलं नाही. उरलेल्यातून वेल्डरच्या डब्यांचे द्यायला गेलो तर त्यानं मला पुन्हा गाढव म्हटलं. ते पैसे आईच्या औषधाला होतील.

तुमच्या वडिलांना तुम्ही काही सांगू नका. ज्या खुर्चीवर बसून दहा ग्रॅम म्हणालो तिथेच बसून मी सांगेन. मशीनचं, रॅकचं, नळाच्या कड्याचं, चोरीचं, सगळं. आतापासूनच माझ्या तोंडचं पाणी पळालंय. त्यांनी हात धरून बाहेर काढलं तर मी जाईन, आणि ते बरोबरच असेल. तुम्ही त्या वेळी खोलीत नसलात तरी चालेल. असलात तर माझ्या हातांकडे बघा, मी लपवणार नाही.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. असला तर फार बरं होईल, नसला तर वीस तारखेला तोंडावर सांगावं, पत्रानं कळवू नये.

आपला,
भिंगऱ्या

ता. क. हे पत्र आईला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी येतोय, एवढं मात्र आज सांगा.