चौदा क्रमांकाच्या अर्जातली आई

जोन्जू,
नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार

प्रिय हेरिम,

तुझा अर्ज मी वाचला. नावगाव झाकलेले अर्ज कोण ओळखणार, असं तुला वाटलं असेल. पण त्या समुद्रकाठच्या सरकारी विद्यापीठाने बाहेरून जे तीन परीक्षक बोलावले, त्यांतली एक मी होते. आमच्यापुढे ना नाव, ना फोटो, ना कॉलेज. नुसते क्रमांक आणि प्रत्येकाचं स्वपरिचयपत्र. त्यातलं पहिलं कलम नेहमीचंच, ‘मी कशी वाढले’. पहिल्या तेराच्या तेरा अर्जांतले आईवडील कष्टाळू आणि प्रामाणिक होते, आणि मी जांभया आवरत गुण देत होते. चौदाव्या अर्जात माझी आई निघाली.

आधी मला वाटलं, योगायोग असेल. जगात शिकायचं राहून गेलेल्या बायका काय थोड्या आहेत? पण एकसष्टाव्या वर्षी प्रवेश घेतलेली, संगणकावर रेकॉर्ड केलेला धडा ऐकताना ‘पुढच्या चित्रात पाहू’ हे वाक्यसुद्धा वहीत उतरवून घेणारी, आणि तिसऱ्या आठवड्यात ‘माझं डोकं आता लाकूड झालंय गं’ म्हणून वही भाजीच्या टोपलीत टाकणारी बाई एकच होती. तिचं नाव आन बोकन्ये. तू शेवटी लिहिलं आहेस, ‘त्या दिवशी मी ठरवलं, विद्यार्थी नापास झाला की आधी धड्यावर संशय घ्यायचा.’ हे वाक्य मी तुला आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला सांगितलं होतं. पाहुणे गेले होते, तू भांडी विसळत होतीस आणि मी पुसत होते. त्याआधी ते कोणाला सांगितलं नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही.

तुला आमच्या कॉलेजच्या अध्यापन केंद्रात निवडणारी मीच, हे तरी तुला आठवतं का? पहिल्याच आठवड्यात तू विचारलंस, “ताई, आपण नेमकं करतो काय?” मी म्हटलं, प्राध्यापकांना विचारशील तर आपण स्लाइडला रंग देतो. मग तुला सांख्यिकीच्या तासाला शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं. वही नाही, पेन नाही. शिकवणाऱ्याकडे पाहायचं नाही. ऐकणाऱ्यांची पेनं कुठे थांबतात तेवढं पाहायचं. मुलं आपल्याला नापास होऊन परत बसलेल्या काकू समजत होती आणि तू लाजून लाल झाली होतीस. चार तास तसे काढल्यावर मी सरांना एवढंच विचारलं, हे ऐकून गेलेल्या मुलाला उद्या काय करता येईल? सर म्हणाले, परीक्षा देता येईल. बाहेर जिन्यावर बसून आपण पोट धरून हसलो. दोन वर्षांनी तुझा करार संपला, मग दुसरं कॉलेज झालं, मग तिसरं. दर वेळी शिफारसपत्र मी लिहिलं. कायमची नोकरी तुला किती हवी आहे, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? शेवटच्या बाकाची पद्धत तू स्वतःची म्हणून लिहिलीस, त्याचं मला काही नाही. शिकवलेलं शिकणाऱ्याचंच होतं, नाहीतर आपण शिकवतो कशाला? पण माझी आई हा काही मी तुला शिकवलेला धडा नव्हता. तू केसाने गळा कापलास, हेरिम. आणि तो इतका छान लिहून कापलास की माझ्या शेजारच्या परीक्षकबाई ते कलम वाचून डोळे पुसत होत्या.

उमेदवार ओळखीचा निघाला तर परीक्षकाने बाजूला व्हायचं, असा नियम आहे. मी झाले. कारकून चक्रावला. “नाव झाकलेलं असताना तुम्ही ओळखलंत कसं?” मी म्हटलं, “तिच्या आईवरून.” त्याने तेच कागदावर लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. खरं सांगितलं असतं तर तुझा अर्ज तिथेच बाद झाला असता. तोंडाशी आलं होतं, बाहेर पडलं नाही. त्याला माझा चांगुलपणा समजू नकोस.

कारण तुला सांगितलं तेव्हा मीही अर्धंच सांगितलं होतं. धडा कुठल्याशा कंटाळवाण्या प्राध्यापकाचा होता, असं मी म्हटलं आणि तू तसंच्या तसं उतरवलंस. तो धडा माझा होता. आमच्याच कॉलेजचा, घरून संगणकावर रेकॉर्ड केलेले धडे ऐकायचा संध्याकाळचा वर्ग, मीच आईला आग्रहाने घातलं होतं. मुलं धडा पळवून हजेरी लावतात म्हणून पुढे-मागे सरकवायचं बटण मी बंद करून टाकलं होतं, आणि त्या हुशारीबद्दल केंद्रात माझं कौतुकही झालं होतं. एक वाक्य पुन्हा ऐकायचं तर आईला सगळा तास पहिल्यापासून लावावा लागे. तिने सोडलं त्या दिवशी मी काही ठरवलं-बिरवलं नाही. मी तिला म्हटलं, “सगळ्यांना जमतं, तुलाच कसं जमत नाही?” ती गेल्यानंतर सहा महिन्यांनी जुन्या नोंदी चाळताना तिचा क्रमांक दिसला. तिसरा धडा तिने अकरा वेळा सुरू केला होता. ज्या वाक्याने तू परीक्षकांना रडवलंस, ते मी त्या नोंदीपुढे बसून शिकले. तू माझं दुःख चोरायला गेलीस आणि हातात माझं खोटं आलं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. गुरुवारी तुझी मुलाखत आहे. आईचं ते कलम सगळ्यांना आवडलंय, तेव्हा पहिला प्रश्न त्यावरच येणार. कुठलाही जाणता माणूस विचारेल की त्या धड्यात नेमकं काय चुकलं होतं. उत्तर तुला ठाऊक नव्हतं, आता आहे. ते सांगून तुला नोकरी मिळेलही, आणि मी कोणाकडे बोलणार नाही. पण तू ‘माझी दिवंगत आई’ असं लिहिलं आहेस, आणि तुझी आई नामवॉनला दुकानात शिलाई मशीनवर बसली आहे. गेल्याच आठवड्यात तिने मला मुळ्याची किमची पाठवली, फोनवर म्हणाली, “आमच्या पोरीकडे लक्ष असू द्या हं.” तिने तुला कॉलर शिवायला शिकवण्याआधी चांगल्या शिवलेल्या दहा कॉलरी उसवायला लावल्या होत्या, हे तूच एकदा हसत हसत मला सांगितलंस. तुझ्या अर्जात ती एका ओळीतसुद्धा नाही. गुरुवारी त्या लोकांना सांग, की अर्जातली आई माझी नाही, माझी आई जिवंत आहे. मग तिच्याबद्दल बोल. आणि माझी आई मला परत दे.

‘तुझी’ म्हणवत नाही म्हणून,
आन बोकन्येची मुलगी,
मिओक