पोटॅशियमचा एकोणिसावा

मंगळ. ३ ऑगस्ट १९७६, धनज
विज्ञानाचे मास्तर बदलून गेले तेव्हापासून नववीचं विज्ञान माझ्या गळ्यात. मी भूगोलवाला. पोरांच्या एक पान पुढे वाचून ठेवतो, तेवढंच. आज अणूतली इलेक्ट्रॉनची मांडणी. पहिल्या कवचात जास्तीत जास्त २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८. सोडियम, क्लोरिन झकास जमले. मग पोटॅशियम: २, ८, ८, १.
विमल उठली. "सर, तिसऱ्यात अठरा मावतात म्हन्ता. आठच भरले. मंग एकोनिसावा चौथ्यात काहून गेला?"
पुस्तकात नाही. मला येत नाही. मागचे हसले. वाटलं, मलाच हसले. "जास्त शहाणपणा नको. बाहेर उभी राहा." तास संपेस्तोवर उभी होती.
प्रश्न बरोबर होता.

गुरु. ५
विमल काल नाही, आजही नाही. तिच्या नावापुढे 'गै.' मांडताना वर बघवेना.

शुक्र. ६
शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेलो, विहाराच्या मागे. वडील श्रावणदादा नुकतेच शेतात डवरा हाकून आलेले, पायाला चिखल. बाज टाकली, पाणी दिलं.
"पोरगी चुकली काय, गुरुजी? चुकली असन तं सांगा. आमच्या घरी शाळेले जाऊ नको म्हननारं कोनी नाई. पन ते जातच नाई म्हन्ते."
"ती नाही, मी चुकलो. तिनं विचारलं ते मला येत नव्हतं."
दादा म्हणाले, "हे तिच्याम्होरं सांगता?"
हाक मारली त्यांनी. दारात आली. सांगितलं.
तिनं मान वर केली नाही. "मंग कोनाले येते, सर?"
पोरीला माफी नको, उत्तर पाहिजे!

रवि. ८
सकाळच्या एस.टी.नं कारंजा. कुसुमकडे. सातवीत माझ्या हाताखाली होती, आता कॉलेजात रसायन शिकवते. वाटभर लाज. विद्यार्थिनीपुढे वही घेऊन बसायचं...
ती हसली नाही. ताटात तुरीचे दाणे मांडले. तिसऱ्या कवचात पोटकवचं तीन: एस, पी, डी. त्यांत २, ६, १०. एस-पी भरले की आठ. आता डीला ऊर्जा जास्त लागते, चौथ्याच्या एसला त्याहून कमी. म्हणून एकोणिसावा, विसावा चौथ्यात. डी रिकामंच राहतं, स्कँडियमपासून, म्हणजे एकविसाव्यापासून, भरायला लागतं.
तीनदा विचारलं. तिन्ही वेळा पहिल्यापासून सांगितलं तिनं. निघताना आपलं पुस्तक हातात दिलं. "सर, मले सातवीत कर्कवृत्त समजत नव्हतं. तुमी चार दिवस थांबवून सांगितलं होतं."
मला आठवतही नाही. गाडीत डोळे भरून आले. कुणाचं आपल्यावर किती ऋण असतं.

सोम. ९
विमल आली! मागच्या बाकावर. तासाआधी वर्गाला सांगितलं, मंगळवारी शिक्षा झाली ती चुकीची होती, प्रश्न चांगला होता. कुणी हसलं नाही. मग टेबलावर तुरीचे दाणे. एकोणिसावा मांडायला विमललाच बोलावलं. तिनं डी रिकामं सोडलं, दाणा चौथ्यात ठेवला. "आता बसलं."
मी ज्या नोकरीला रडत होतो ती हीच.

शुक्र. १३
कुसुमच्या पुस्तकातून स्कँडियम ते जस्त असा तक्ता उतरवून वर्गात लावला. चौथ्या कवचातले इलेक्ट्रॉन वाचत गेलो: दोन, दोन, दोन...
विमल जवळ येऊन बघत होती. "सर, उतरवतानी चुकलं का तुमचं? क्रोमियममंदी एकच हाय. तांब्यातबी."
पुस्तक उघडलं. चूक नाही. एकच. का, ते कुसुमनं सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. मधल्या सुट्टीत तिला कार्ड टाकलं.
फळ्यावर प्रश्न लिहिला: क्रोमियम व तांबे, एकच का? खाली लिहिलं: सरांना माहीत नाही.
विमलनं विचारलं, "हेबी उतरून घ्याचं, सर?"
"घे."
अख्ख्या वर्गानं उतरून घेतलं.