आत्याच्या पैशावरचा नवस

परंडा, सोमवार, दिवेलागण

कॅनडातली आत्या गेली आणि मृत्युपत्रात पैसे माझ्या नावानं ठेवून गेली. निम्मे करात जाणार या धास्तीनं आईनं सोनारीच्या भैरवनाथाला नवस बोलला: कर टळला तर गावाला पंगत.

आज करसल्लागार हसले. म्हणाले, "वारशाच्या पैशावर आपल्याकडं करच न्हाय. बँकेत ठेवल्यावर व्याज मिळंल, त्यावर तेवढा लागंल."

म्हणजे टळायचं काही नव्हतंच! मग पंगत कशाची? आईला विचारलं, तर म्हणाली, "देवाला कायदा सांगतोस व्हय? बोललं ते बोललं."

चिडायला हवं होतं, पण बरंच वाटलं. आत्या सुट्टीला आली की पंगतीत वाढायला सगळ्यांच्या पुढं असायची. आता पंगत तिचीच, वाढायला तेवढी ती नाही. बुंदी मी वाढीन.