तळघरातले पांढरे हातमोजे

२५ मार्च १९७४, सोमवार

देवा, रागाबद्दल क्षमा कर. माझ्या पोरीनं, व्हर्नेलनं, चर्चच्या कॉयरमधलं गाणं सोडलं. आता त्याच चर्चच्या तळघरात ट्रम्पेट वाजवते, ब्रदर ओझेलच्या बँडमध्ये. म्हणे नवा जॅझ. ना चाल, ना धरबंद. ओझेल सांगतो, मी गुरू ग्रहावरून आलोय, आपल्या लोकांना तिकडे न्यायला. गुरू ग्रह कसला! इथेच त्रेसष्टाव्या रस्त्यावर जन्मला, त्याच्या आईच्या बाळंतपणाला मी होते.

रेव्हरंड टॉलिव्हर म्हणाले, सिस्टर लव्हीनिया, ईस्टरपर्यंत हा गोंगाट आवरला नाही तर तळघराला कुलूप. व्हर्नेल म्हणाली, ममा, कुलूप लागलं तर मी न्यूयॉर्कला चालले. परत यायची नाही.

निश्चय: ईस्टरला पोरगी वर, कॉयरमध्ये. चार दिवसांचं काम.

२७ मार्च

खाली गेले. मुद्दाम पांढरे हातमोजे घालून. बावीस वर्षं चर्चच्या दारात उभी राहून माणसांना जागेवर बसवते, तोंडातून शब्द न काढता, नुसत्या खुणांनी. उजवा हात वर केला: थांबा. बँड गप्प! ओझेल पुटपुटला, वा, काय थांबवलंत! घाबरला बिचारा.

३ एप्रिल

रोज जाते. नजर ठेवायला. मक्याचा ब्रेड नेते, तो कालचा उरलेला. तळवा खाली दाबला, म्हणजे ‘बसून घ्या’, की आवाजही खाली बसतो. पर्विस न्हावी दुकान टाकून दारात उभा असतो. शेजारपाजारचेही येतात. माझी शिस्त बघायला असणार.

व्हर्नेलनं विचारलं, ममा, उद्या येशील ना? पोरीला पश्चात्ताप सुरू झाला.

ड्रॉवरमधली फॉइल कमी झालीय. धुऊन, सरळ करून ठेवलेली. कोण नेतं?

१३ एप्रिल, शनिवार, संध्याकाळ

रेव्हरंड आले, कुलूप घेऊनच. मी म्हटलं, बघा, सगळे माझ्या मुठीत आहेत. हात वर केला. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. व्हर्नेल माझ्याकडे टक लावून. एवढ्यात दारात शेजारची मिसेस ग्रिग्सबी आणि तिची बहीण. सवयीनं दोन बोटं दाखवली: पुढे दोन खुर्च्या आहेत. दोन ट्रम्पेट उठले आणि छप्पर फाडलं! नको नको म्हणून दोन्ही हात हलवले, तर ढोल, घंटा, पर्विस न्हावी, सगळेच सुटले. मिसेस ग्रिग्सबी खुर्चीत बसलीच नाही. नाचली. गुडघेदुखी आहे म्हणे तिला!

शेवटी हात गळून खाली आले. सगळं थांबलं. रेव्हरंडनी गर्दीकडे पाहिलं, कुलूप खिशात टाकलं. म्हणाले, रविवारी वर एवढी माणसं कधी असतात, सिस्टर?

अपमान. पण कुलूप टळलं ते माझ्या शिस्तीमुळेच.

१४ एप्रिल, ईस्टर

कॉयरमध्ये व्हर्नेल नव्हती. दारात माझ्या जागी दुसरीच सिस्टर. रेव्हरंड म्हणाले, तुम्ही खाली जा, तिथे तुमच्यावाचून अडलंय. गेले, फक्त पोरीला वर आणायला. सगळे डोक्यावर गुरू ग्रहाच्या चकचकीत टोप्या घालून, वाद्यं घेऊन, माझ्या हातांकडे बघत बसलेले. व्हर्नेल म्हणाली, न्यूयॉर्क रद्द, ममा. आणि तसलीच एक टोपी पुढे केली. फॉइल माझीच, भाजलेल्या कोंबडीचा डाग ओळखला. आता टाकून थोडीच देणार? घातली.

पुढच्या ईस्टरला मात्र पोरगी नक्की वर.