प्रेरणाच्या नावाचा नंबर

प्रिय प्रेरणा,

सप्रेम जयभीम.

मी, अतुल जानू ओव्हाळ, वय सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, परंदवडीजवळच्या कारखान्यात स्टोअर विभागाचा प्रमुख आणि नात्याने तुझा वडील, हे पत्र एकाच विनंतीसाठी लिहीत आहे. येत्या रविवारी, ८ फेब्रुवारीला, संध्याकाळपर्यंत केव्हाही तू तुझ्या आईला एक व्हिडिओ कॉल करावास. मंगळवारी पुण्यात तिच्या घशाचे ऑपरेशन आहे. गाठ स्वरयंत्रात आहे आणि स्वरयंत्र पूर्ण काढावे लागणार आहे. डॉक्टरांनी मला हे दोनदा समजावले, कारण पहिल्या वेळी मी एकच प्रश्न चार वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिलो. तिचा जीव वाचेल, असे ते म्हणतात. आवाज राहणार नाही.

पत्र तुझी मैत्रीण अमृता हिच्याकडे देत आहे. तुझा पत्ता तिने सांगितला नाही आणि मी विचारला नाही. निरोप फोनवर कळवते, असे ती म्हणाली. परंतु मला जे कबूल करायचे आहे ते निरोपात मावणारे नाही. तिच्या दारात जायला मला चौदा महिने लागले. माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही, हे परक्या माणसापुढे उच्चारायचे धैर्य त्याआधी झाले नाही.

त्या चौदा महिन्यांत मी उपलब्ध असलेले प्रत्येक साधन वापरून पाहिले. तुझा जुना नंबर अस्तित्वात नाही, असे ती रेकॉर्ड केलेली बाई रोज तितक्याच गोडव्याने सांगते. ईमेल पाठवले, ते परत आले नाहीत, म्हणजे पोहोचले असावेत, एवढाच निष्कर्ष मला काढता आला. दर रविवारी अकरा वाजता मी व्हिडिओ मीटिंगची लिंक त्याच ईमेलवर पाठवून इस्त्रीचा सदरा घालून बसत असे. चाळीस मिनिटे पडद्यावर मी एकटा. साधने सदोष नव्हती. समोरच्याला बोलायचे नसेल तर ती सारी निरुपयोगी, हे मात्र कोणत्याही माहितीपुस्तकात लिहिलेले नसते.

तुला हसू येईल, पण आता शनिवारी दुपारी मी विहारात ज्येष्ठांचा वर्ग घेतो. ईमेल म्हणजे काय, मेसेज आणि ग्रुप यांत फरक कोणता, व्हिडिओ कॉल कसा लावायचा, पासवर्ड कोणाला का सांगू नये. कार्ल्याहून रखमाजी आबा येतात. त्यांच्या नातवाला कॉल लागला आणि पडद्यावर स्वतःचाच चेहरा कोपऱ्यात दिसला, तेव्हा ते म्हणाले, “ह्यो म्हातारा कोन मधी घुसलाय, काढा त्याला.” वर्गातल्या रतनबाई हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. नंतर आबांनी मला विचारले, “सर, तुमची पोरगी कुटं असती? लावा की तिला, आमी बी बघतो.” मी नेटवर्क नाही म्हणालो. त्या दिवशी नेटवर्क उत्तम होते.

त्या वर्गात सर्वांत आधी मी पाठवलेला मेसेज काढून कसा टाकावा हे शिकवतो. कारण तुला ठाऊक आहे. नवऱ्याचे घर का सोडले आणि तुझे मूल कसे गेले, हे तू मला एकट्याला लिहिलेस. आईलाही नाही, मला. मला प्रत्येक कागदाची प्रत ठेवण्याची सवय. तो मेसेज स्वतःलाच पाठवून ठेवावा म्हणून बोट लावले आणि तो ‘ओव्हाळ परिवार, मावळ’ या ग्रुपवर गेला. एकशे बारा माणसे. अर्ध्या मिनिटात चूक लक्षात आली आणि मी तो काढून टाकला. दोन पर्याय आले होते. ‘फक्त माझ्यासाठी’ हा मी निवडला, कारण चूक माझी होती आणि तिचा निपटाराही माझ्यापुरताच व्हावा, असे त्या क्षणी वाटले. माझ्या पडद्यावरून मेसेज गेला. उरलेल्या एकशे अकरा जणांच्या पडद्यावर तो तसाच राहिला. दोन दिवस मी निश्चिंत होतो. मग येसूबाई आत्याने ग्रुपवरच लिहिले, “पोरीचं असं झालं आन आमाला कुनी सांगितलं बी न्हाई.”

त्यानंतर जे केले ते त्याहून वाईट. मी ग्रुपवर खुलासा टाकला. मजकूर खरा आहे, अनवधानाने प्रसारित झाला आहे, कृपया चर्चा करू नये. तीन मुद्दे, खाली नाव व तारीख. तू फोन करून एवढेच म्हणालीस, “बाबा, तुम्हाला कागद नीट करायचा होता, मला सांभाळायचं नव्हतं.” आईशी बोलत राहा, असे मी सुचवले, तर म्हणालीस की आईचा फोनही तुमच्या संगणकाला जोडलेला आहे, तिला सांगितलेले तुमच्याच टेबलावर उमटते. हेही खरे होते. संध्याकाळपर्यंत तुझा नंबर बंद झाला.

आता ती गोष्ट, जी कोणालाही सांगितलेली नाही. तुझी आई जेवेना. “पोरीचा नवा नंबर आना,” एवढेच म्हणे. चौथ्या दिवशी मी एक सिमकार्ड घेतले, जुन्या फोनमध्ये घातले, तुझा फोटो लावला आणि तो नंबर तिच्या फोनमध्ये तुझ्या नावाने साठवून दिला. मी लिहिले, “आई, मी ठीक आहे. इथे फोनवर बोलता येत नाही, मेसेज करत जा.” त्या दिवशी तिने दोन भाकरी खाल्ल्या. मी ठरवले होते की हे आठवडाभरच करायचे.

भामाला, तुझ्या आईला, टाइप करणे जमत नाही. माझ्याच वर्गात ती आवाज रेकॉर्ड करून पाठवायला शिकली. तिचे बोलणे माझ्याकडे येत राहिले आणि मी तुझ्या नावाने उत्तरे देत राहिलो. तिने तुला काकडीचे लोणचे कसे मुरवायचे ते सांगितले. एकदा म्हणाली, “तुज्या बाबांना माफी मागाया येत न्हाई गं. त्यांना कुनी शिकवलंच न्हाई. तू लय ताणू नको.” ते मी कारखान्याच्या गोदामात, रॅकच्या मागे उभा राहून सात वेळा ऐकले.

गेल्या नऊ डिसेंबरला तिने त्याच नंबरवर सांगितले, “घशात कायतरी हाताला लागतंय. तुज्या बाबांना बोलले न्हाई, घाबरत्याल.” मी तुझ्या नावाने लिहिले, “आई, लगेच बाबांना सांग.” आणि ती सांगेल म्हणून थांबलो. मी स्वतःहून विचारले असते तर मला कसे कळले, हे सांगावे लागले असते. पाच दिवस मी तिच्यासमोर बसून जेवलो आणि बोललो नाही. सहाव्या दिवशी तिला पाणी गिळताना ठसका लागला, तेव्हा दवाखान्यात नेले. पाच दिवसांनी काही बिघडले नाही, असे डॉक्टर म्हणतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करतो.

काल दुपारी त्या नंबरवर शेवटचा निरोप आला. तो मी कागदावर उतरवला आहे: “अहो, आता पुरं करा. तुमी गॅलरीत गेलात की माजा फोन वाजतो, हे मला पयल्याच आठवड्यात कळलं. समोर बसून बोलत न्हाईत, तर असं तरी बोलत्यात, म्हनून मी गप ऱ्हायले. गाठीचं बी तुमालाच सांगितलंतं. पाच दिस वाट बघितली. आता आवाज जायच्या आत मला माज्या पोरीशी बोलायचंय. तिला सगळं खरं लिवा.” म्हणून हे पत्र. प्रेरणा, तुझे दुःख मी चव्हाट्यावर मांडले आणि तुझे नावही वापरले. मला क्षमा कर, किंवा करू नकोस, रविवारचा कॉल त्यासाठी अडू नये. तिचा फोन मी माझ्या संगणकापासून तोडला आहे, पासवर्ड तिने बदलला आहे, तो मला ठाऊक नाही. तिने घेतलेला नवा नंबर अमृताकडे दिला आहे. रविवारी सकाळीच मी शिरगावला काकांकडे जाईन आणि अंधार पडल्यावर परतेन. कालपासून ती घरात फारसे बोलत नाही. काही हवे असेल तर हाताने खूण करते. डॉक्टरांनी तसे सांगितलेले नाही. ती आवाज तुझ्यासाठी राखून ठेवते आहे.

तुझाच,
अतुल जानू ओव्हाळ
भांगरवाडी, लोणावळा
४ फेब्रुवारी २०२६