शकुबाईच्या हनुवटीवरचं गोंदण

८ जानेवारी, बुधवार
नाही म्हणजे नाही! चैताली पुन्हा तिचा डिजिटल कॅमेरा घेऊन हजर. भाची पडली, म्हणून ऐकून घेतलं. 'आत्या, रोल आणा, धुवायला द्या, स्कॅन करा — आणि शेवटी बघणार स्क्रीनवरच! मग सरळ डिजिटलच का नको?' प्रश्न बरोबर आहे. त्याचाच तर राग येतो.

शेवटी पैज लागली. नदीकाठी, गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात एकच माणूस, एकाच जागेवरून, दोन्ही कॅमेऱ्यांनी. माझा स्कॅन फिका पडला तर माझा कॅमेरा माळ्यावर. कायमचा! नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घेतलेला, आज माझ्या पेन्शनीतही सोबत आहे तो.

मेथीवाली शकुबाई तयार झाली. मी नेहमीसारखी दोन पावलं मोजली, लेन्सवर पाच फूट लावले, खटका दाबला. चैतालीच्या कॅमेऱ्याने सगळं आपलं आपणच केलं. शकुबाईने तिच्याकडचा फोटो लगेच पाहिला, मग माझ्या कॅमेऱ्याची पाठ चाचपायला लागली.
'ह्यात कुठं दिसतो?'
'आठ-दहा दिवसांनी दिसेल.'
'तवर मेथी सुकंल की, बाई!'
चैताली खो खो हसली. हसू दे.

१७ जानेवारी
स्कॅन आले. धूसर! शकुबाईच्या हनुवटीवरचं गोंदण म्हणजे नुसता डाग. तडक रविवार कारंजावर संतोषच्या स्टुडिओत गेले. माझाच विद्यार्थी, प्रकाशाच्या धड्यात दोनदा नापास. म्हटलं, स्कॅनरची काच पूस आधी.
'बाई, काच स्वच्छ आहे. स्कॅन एकदम कडक आलाय.'
कडक म्हणे!

१८ जानेवारी
पुन्हा स्कॅन करायला लावला. तसाच.

२१ जानेवारी
तिसऱ्यांदा. संतोषने आज पैसेच घेतले नाहीत. तेच जास्त लागलं. घरी येऊन लेन्स उजेडात धरून पाहिली — बुरशी नाही, ओरखडा नाही. म्हणजे दोष स्कॅनरचाच. मी हार मानायची नाही!

२६ जानेवारी, रविवार
जिंकले!! चैतालीने लॅपटॉपवर दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले. तिचाही तितकाच धूसर! एवढं मिरवत होती, आणि गोंदणाचा तोच डाग. म्हटलं, बरोबरी झाली, आता माळ्यावर काय ठेवायचं ते तुझं ठेव.

वाटलं, भांडेल. भांडली नाही. माझी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.
'आत्या, हनुवटीवर ठिपके किती आहेत?'
'ठिपके कुठले? डाग आहे तो.'
'चार आहेत. दोन्ही फोटोंत.'
हरल्यावर काहीतरी खुसपट काढायचं, दुसरं काय!

२९ जानेवारी, बुधवार
शकुबाईला फोटो नेऊन दिला. लाजली, पदराला हात पुसून तो घेतला. मी वाकले, वाकले, नाक मेथीच्या जुड्यांना लागायचं बाकी राहिलं.
'काय बघता, बाई?'
'ठिपके किती गं तुझे?'
'चार हायेत की! आईनं गोंदवले.'
मला डागच दिसला.

३१ जानेवारी
मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. तीस वर्षं आठवीच्या पोरांकडून घोकून घेतलं — डोळा आणि कॅमेरा, साम्य लिहा! आणि या महिन्यात सगळ्या काचा तपासल्या, माझ्या दोन सोडून.

ऑपरेशन बारा तारखेला. भीती वाटते. उद्या आधी संतोषची माफी मागायची, मग नवा रोल भरायचा. दोन पावलं मोजायला डोळे लागत नाहीत.