कडी लावायची नाही

सोमवार
आले एकदाची! नवं गाव, नवी नोकरी, तीही चष्म्याच्या दुकानात. खोली काडेपेटीएवढी आहे, पण माझी आहे. सामान पोचवायला दादा आला होता. चिमणे, उपाशी राहू नकोस, असं जाताना दहादा बजावलं. मी म्हटलं, जा आता, नाहीतर तूच रडशील. आणि रडलाच, वेडा कुठला!

शुक्रवार
ताप. अंग मोडून आलंय. पहिल्याच आठवड्यात रजा कुठल्या तोंडाने मागू? तापाची गोळी, सर्दीची गोळी, अंगदुखीची गोळी, तिन्ही घेतेय, जरा कणकण वाटली की पुन्हा. जेवण जात नाही. दादाला कळवलं नाही, धावत येईल.

सोमवार
गिऱ्हाईक नसलं की मालक आमचेच डोळे तपासत बसतात. आज माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि आरसाच पुढे धरला. डोळे हळदीसारखे पिवळे. तशीच गाडीत घालून इस्पितळात आणलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या गोळ्यांची पाकिटं पाहून कपाळाला हात लावला. नावं वेगळी, आत औषध एकच, म्हणाल्या. तिप्पट गेलंय पोटात. यकृत बंद पडत चाललंय.

मंगळवार
औषधांनी उतार नाही. आता एकच उपाय, दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा बसवायचा. मालकांनी कळवलं तसा दादा रात्रीच धावत आलाय. बाईंचं बोलणं संपायच्या आत त्याने बाही वर केली. जुळलं! उद्या ऑपरेशन.
यकृत रक्तातली घाण काढेनासं झालं की ती डोक्यात चढते, म्हणाल्या. माणूस भलतंसलतं बोलतो, आपली माणसं ओळखत नाही. म्हणून मला रोज चार ओळी लिहायला लावलंय, अक्षरावरून त्यांना कळतं. उशीर झाला तर अशी झोप लागेल की जाग येणार नाही. सिस्टरने बजावलंय, बाथरूमची कडी लावायची नाही.
मला मरायचं नाहीये हो. अजून खोलीला पडदेसुद्धा लावले नाहीत.

बुधवार
अक्षर वाकडंतिकडं येतंय. सिस्टरला मी आई म्हणाले म्हणे.
दादा आला होता. दादासारखा. पण दादाची दाढी कधी वाढलेली नसते. आणि हे हिरवे कपडे कुणाचे?

बुधवारच
तो माझ्या पोटाबद्दल बोलतो. कापणार म्हणतो— आणि हसतो, घाबरू नकोस म्हणे. डॉक्टरीण त्याला सामील आहे. खऱ्या दादाला कुठे डांबलंय यांनी—

चाकाची खाट आली. मी बाथरूममध्ये. कडी लावली. बरं झालं सिस्टर बोलली, नाहीतर कडी आहे हे लक्षातच आलं नसतं.

दार हलतंय. तो रडतोय. चिमणे, उघड गं, उशीर होतोय, म्हणतो. आवाज हुबेहूब दादाचा— मी नाही फसणार—
रडणंही तसंच— असा दादाच रडतो— वेडा—

कडी— हात पोचत नाही. डोळे जड झालेत. जरा पडते इथेच. उठले की उघडते हं, दाद—